मालकाच्या कानाला लागलेला हिरो

२४ जुलै २०२५, गुरुवार. ठाण्याहून उशिराची वाशी लोकल पकडून मी कोपरखैरण्याला उतरलो, तोवर मुलाचा मेसेज येऊन पडला होता. "बाबा, तुमचा होगन गेला." त्याच्या खाली लगेच दुसरा : "रेसिस्ट होता ना तो?" पंधरा वर्षांच्या पोराने श्रद्धांजली आणि आरोपपत्र एकाच मिनिटात उरकलं होतं.

होगन म्हणजे हल्क होगन, अमेरिकी रेसलर. मेसेजमधला 'तुमचा' मला जरा लागला, कारण होता खरा आमचा. १९९०च्या दशकात आमच्या सेक्टरातल्या बैठ्या घरांच्या ओट्यांवर डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी रेसलिंग कंपनीच्या ट्रम्प कार्डांचे डाव रंगायचे. उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढला, किती जिंकला. उंचीला जायंट गोंझालेस, वजनाला योकोझुना. ही दोन पानं ज्याच्या हातात त्याचा रुबाब वेगळाच. हल्क होगनचं पान मात्र हरल्यावरही समोरच्याला द्यावंसं वाटायचं नाही. पिवळा बनियन, लोंबत्या मिशा, डोक्याला फडकं, आणि तो बनियन टराटरा फाडायची तऱ्हा. आमच्यातल्या एकाने आईने बाजारातून नुकतीच आणलेली गंजी तशी फाडली आणि त्यानंतर जो मार खाल्ला, तो कुठल्या रेसलमेनियात कुणी खाल्ला नसेल. होगन १९९३ मध्येच ती कंपनी सोडून गेला होता, याचा आम्हाला पत्ताही नव्हता. आमच्या गठ्ठ्यात तो पुढे कितीतरी वर्षं टिकून होता.

आता तो गेल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या घरात गेले कित्येक महिने अधूनमधून निघतो. नव्या प्रेक्षकांच्या त्याच्याबद्दल दोन तक्रारी आहेत. एक, त्याला रेसलिंग येत नव्हतं. दोन, माणूस वाईट होता. पहिली तक्रार मला साफ चूक वाटते. दुसरी बरोबर आहे, पण अर्धीच. आणि तिचा राहिलेला अर्धा भाग आमच्यासारख्या माथाडींच्या वस्तीतल्या माणसाला सगळ्यात आधी दिसायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

आधी पहिली. मुलगा केनी ओमेगा आणि विल ऑस्प्रे यांच्या मॅचेस बघून मोठा झालाय. दोरावरून कोलांटी, हवेत फिरून लाथ, अर्धा अर्धा तास दम न घेता. त्याला होगनची जुनी मॅच दाखवली तर तो बोटांवर मोजतो : ठोसा, बूट, लेग ड्रॉप (पडलेल्यावर उडी मारून पाय आपटायचा). "तीनच मूव्ह, बाबा." खरंय. पण हाच होगन जपानमध्ये वेगळा लढायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. २ जून १९८३ रोजी टोकियोत त्याने अँटोनियो इनोकीला हरवून आयडब्ल्यूजीपी ही तिथली मोठी स्पर्धा पहिल्याच वर्षी जिंकली. त्या काळातल्या जपानी मॅचेसमध्ये तो चटईवर पकडी टाकतो, हात पिळतो, आणि शेवट लेग ड्रॉपने न करता 'ॲक्स बॉम्बर' या कोपराच्या तडाख्याने करतो. अमेरिकेत त्याने डाव कमी केले, कारण तिथल्या लोकांना डाव नको होते. आमच्याकडे यात्रेच्या फडातही असे पैलवान असतात. डाव दहा येत असतात, पण पब्लिक ज्या एका ढाकेची वाट बघत असतं ती कधी टाकायची, याची जाण असते. मैदान कुणाचं, हे ती जाण ठरवते.

२९ मार्च १९८७ ला मिशिगनमधल्या पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये त्याने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. कंपनीने ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला. त्या धंद्याचे जाणकार पत्रकार तो आकडा फुगवलेला मानतात, पण स्टेडियम भरलं होतं यात वाद नाही. मॅच म्हणून बघाल तर ती रटाळ आहे. आंद्रेला चालणंही जड जात होतं, पाठीचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. तरी तो आपटण्याचा क्षण आजही अंगावर येतो. मुलालाही आला, त्याने तो दोनदा मागे नेऊन पाहिला आणि मी काही बोललो नाही.

आणि खलनायक व्हायचं म्हणाल, तर ७ जुलै १९९६ ला फ्लोरिडातल्या डेटोना बीचला होगन उलटला तेव्हा प्रेक्षकांनी रिंगमध्ये कचरा फेकला, बाटल्या-कप जे हाती लागेल ते. मार्च २०२५ मध्ये जॉन सीना तसाच उलटला. सगळ्यांनी त्या जुन्या रात्रीची आठवण काढली, आणि काही महिन्यांत सगळं थंड पडलं. वर्ष संपायच्या आत सीना पुन्हा भला माणूस होऊन निवृत्तही झाला. लोकांना खराखुरा राग आणायला आधी खरं प्रेम लावावं लागतं, आणि मग ते मोडायची हिंमत लागते. होगनकडे दोन्ही होतं. २००२ मध्ये टोरांटोत तो 'द रॉक'विरुद्ध खलनायक म्हणून उतरला, तर लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं आणि कथानक उभ्या रिंगमध्ये बदलावं लागलं. ज्याला काही येत नाही, त्याच्यासाठी असं होत नाही.

एवढं त्याच्या बाजूने. आता पुढचं सांगायला मला आबांकडे यावं लागेल.

आबा, म्हणजे माझे वडील, पाटण तालुक्यातले. तालमीत वाढलेले. १९७० च्या दशकात मशीद बंदरला हमालीला आले आणि बाजार वाशीला हलला तसे इकडे आले. आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफ बघायला लागलो की ते एकच शब्द टाकायचे, "नुरा." ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि लाल मातीत तो शब्द शिवीसारखा वापरतात. दारासिंग-किंगकाँगच्या कुस्त्यांबद्दलही त्यांचं मत तेच. पण एकदा मी लॅपटॉपवर २३ जानेवारी १९८४ ची न्यूयॉर्कची ती मॅच लावली, जिच्यात होगनने आयर्न शेखला हरवून पहिल्यांदा पट्टा जिंकला. त्याआधीची शेखची एक क्लिप होती. टोकदार बूट घातलेला तो इराणी माणूस दोन्ही हातांनी जड मुद्गल खांद्यामागून फिरवत होता. आबा खुर्चीत पुढे सरकले. "ह्यो खरा पैलवान हाय. मनगाट बघ त्याचं."

आबांची नजर चुकली नव्हती. शेख, म्हणजे खोसरो वझिरी, इराणच्या तालमीत घडलेला खरा मल्ल होता. पुढे अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघाच्या प्रशिक्षकांना त्याने मदत केली होती. तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांचं प्रकरण ताजं असताना त्याला इराणी झेंडा देऊन रिंगमध्ये शिव्या खायला उभं केलं गेलं. तो नंतर एक गोष्ट नेहमी सांगायचा : त्या रात्रीआधी होगनच्या जुन्या प्रवर्तकाने त्याला मोठी रक्कम देऊ केली होती, होगनचा पाय मोडण्यासाठी. त्याला तो सहज मोडता आला असता. त्याने मोडला नाही. किस्सा अर्थात शेखचाच, आणि त्या धंद्यात किस्से फुगतात. होगन तर थापांसाठी प्रसिद्ध. मेटालिका बँडने मला बास गिटार वाजवायला बोलावलं होतं, असं तो सांगायचा आणि बँडवाल्यांना असलं काही आठवत नव्हतं. पण शेखच्या गोष्टीतलं मर्म खरं आहे. नुरा कुस्तीत समोरचा माणूस तुमचा शत्रू नसतो, तुमची मान त्याच्या हातात असते. डोक्यावर उचलून घेतलेला माणूस खाली कसा टेकवायचा, हे उचलणाऱ्यावर असतं. ढोंग म्हणून आपण तिला हसतो, आणि ती चालते मात्र शंभर टक्के भरवशावर. अगदी आमच्या बाजारातल्या थप्पीसारखी. वर गोणी रचणाऱ्यावर खालच्याचा जीव.

हे डोक्यात ठेवूनच मी त्याच्या बदनामीच्या प्रकरणाकडे येतो.

२०१५ च्या जुलैमध्ये त्याच्या खासगी संभाषणाची टेप फुटली. त्यात तो कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत घाणेरडं बोलतो आणि मी वर्णद्वेषी आहे हेही तोंडाने कबूल करतो. २४ जुलै २०१५ ला कंपनीने त्याला काढलं. बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला तो गेला. २०१८ मध्ये कंपनीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये परत घेतलं. त्याने ड्रेसिंग रूममध्ये जमलेल्या रेसलरांची माफी मागितली, पण ऐकणाऱ्यांतल्या टायटस ओ'नीलसारख्या काही कृष्णवर्णीय रेसलरांना ती माफी पटली नाही. कुणी कधी रेकॉर्ड करेल सांगता येत नाही, जपून बोला, असा त्या माफीचा रोख होता. म्हणजे बोललो याचं दुःख कमी, पकडलो गेलो याचं जास्त.

मग ६ जानेवारी २०२५. रॉ, म्हणजे कंपनीचा दर आठवड्याचा शो, नेटफ्लिक्सवर गेला त्या पहिल्याच रात्री लॉस एंजेलिसजवळच्या प्रेक्षागारात होगन आला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तो आपल्या बिअर ब्रँडची जाहिरात करायला आला होता. बोलत राहिला, आवाज वाढत राहिला. काहींनी म्हटलं हा राजकारणाचा राग, कारण आदल्या जुलैत ट्रम्प यांच्या पक्षाच्या अधिवेशनात त्याने बनियन फाडला होता. थोडं असेलही. पण त्या हुर्योचं मूळ टेपमध्येच होतं असं मला वाटतं, आणि ती योग्य होती. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्या मुलाला मी हे सांगायला गेलो नाही. ज्यांना तो टेपवर शिव्या देत होता त्यांच्यातलेच कितीतरी रेसलर रोज स्वतःची मान दुसऱ्याच्या हातात देऊन पोट भरत होते.

राहिलेला अर्धा भाग १९८६ चा आहे. तरुण प्रेक्षकांच्या बोलण्यात तो क्वचितच येतो.

जेसी व्हेंच्युरा हा आधी रेसलर, मग समालोचक, आणि पुढे चक्क मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर. दुसऱ्या रेसलमेनियाच्या, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या तोंडावर त्याने ड्रेसिंग रूममध्ये युनियनचा विषय काढला. जाहिराती झाल्यात, तिकिटं विकली गेलीत, आत्ता आपण सगळे एक झालो तर मालकाला ऐकावंच लागेल. साधा हिशोब. ऐन हंगामात काम थांबवण्याचा. ही बातमी मालक व्हिन्स मॅकमहनपर्यंत पोचली, व्हेंच्युराला दम मिळाला आणि विषय तिथेच मेला. काही वर्षांनी व्हेंच्युराने व्हिडिओ कॅसेटांच्या रॉयल्टीसाठी कंपनीवर दावा लावला. त्यात मॅकमहनची शपथेवर उलटतपासणी झाली. युनियनची बातमी तुम्हाला कुणी दिली, या प्रश्नावर त्याने होगनचं नाव घेतलं, असं व्हेंच्युरा तेव्हापासून जाहीरपणे सांगत आला आहे. दावा तो जिंकला, आठ लाखांहून जास्त डॉलर मिळाले. युनियन आजतागायत झालेली नाही.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांना एक शब्द समजावून द्यावा लागला नाही. टोळीतली गोष्ट व्यापाऱ्याला जाऊन सांगणारा माणूस प्रत्येक बाजारात असतो. त्याला 'कानाला लागलेला' म्हणतात. त्याला काम कमी आणि हजेरी पूर्ण मिळते, पण डबा खाताना त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत हजारो घरं ज्या कायद्यावर उभी आहेत तो १९६९ चा माथाडी कायदा. त्याआधी हमालाला मालकच नव्हता. दिवसभर दहा दुकानांची शंभर-शंभर किलोची पोती वाहायची, आणि पाठ मोडली की दहाही दुकानदार म्हणणार, हा माझा नोकर नाही, आला आणि गेला. अण्णासाहेब पाटलांनी माणसं बांधली, संप झाले, आणि कायद्याने बोर्ड आलं. मालकाचीही नोंद, हमालाचीही नोंद. मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. आज बोर्डांचा कारभार कसा चालतो आणि माथाडीच्या नावावर कोण खंडणी उकळतो यावर वेगळं लिहिता येईल. पण आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

आता डब्ल्यूडब्ल्यूईचा (जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफचंच हे नवं नाव) करार बघा. कोट्यवधी डॉलरची कंपनी, पण रेसलर तिचा कर्मचारी नाही, 'स्वतंत्र कंत्राटदार'. कुठे जायचं, कुणाशी लढायचं, काय बोलायचं हे सगळं कंपनी सांगते. फक्त तो तिचा माणूस नाही. मशीद बंदरच्या दुकानदाराचं वाक्य जसंच्या तसं. (आमच्या गल्लीत रोज खाण्याचे डबे पोचवणारी पोरं त्याच वाक्याखाली राबतात, ॲपमध्ये त्यांना 'पार्टनर' म्हणतात.) गंमत अशी, की रेसलरने सिनेमात काम केलं तर त्याला नटांच्या युनियनचं संरक्षण मिळतं, आणि रिंगमध्ये खरोखर हाड मोडलं तर तशी कुठलीही संघटना त्याच्या मागे उभी नसते. व्हेंच्युराला युनियनची कल्पना सुचली ती सिनेमात काम मिळाल्यामुळेच.

माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात माझा तो जुना गठ्ठा अजून आहे. होगन गेल्यानंतरच्या रविवारी मुलाने तो काढला आणि एकेक पान ठेवत फोनवर शोधत बसला. योकोझुना, ३४ व्या वर्षी गेला. ब्रिटिश बुलडॉग, ३९. रिक रूड, ४०. बिग बॉस मॅन, ४१. अर्थक्वेक, ४२. मिस्टर परफेक्ट, ४४. उंचीला सगळ्यांना मारणारा जायंट गोंझालेस, तोही ४४. कुणाचं हृदय, कुणाची औषधं, कुणाचा कॅन्सर, कुणाचा मधुमेह. युनियन असती तर हे सगळे वाचले असते असं म्हणणं खोटेपणा होईल. पण वर्षाला तीनशे रात्रींच्या आसपास रस्त्यावर राहायचं, दुखापत झाली की मॅच नाही, मॅच नाही की पैसा नाही, म्हणून गोळ्या खाऊन पुन्हा उभं राहायचं, या चक्रात कुठेतरी पाचर मारता आली असती. ती मारायची संधी १९८६ मध्ये होती, आणि सगळ्यात मोठा स्टार कोणाच्या बाजूने उभा राहतो यावर ती अवलंबून होती. तो उभा राहिला असता तर मॅकमहन काय करणार होता? होगनशिवाय रेसलमेनिया?

यावर माझ्या एका मित्राचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तो म्हणतो, अरे तू टाळ्या त्या पात्राला वाजवल्यास, माणसाचं पोस्टमॉर्टेम कशाला? नटाने घरी काय केलं ते आपण बघतो का? मुद्दा वजनदार आहे, आणि गंमत म्हणजे होगनने स्वतः तो कोर्टात वापरला. २०१६ च्या गॉकर या वेबसाइटविरुद्धच्या खटल्यात त्याने शपथेवर सांगितलं की हल्क होगन हे पात्र जी फुशारकी मारतं ती टेरी बोलिया या माणसाची नव्हे. चला, मान्य. पण मग ड्रेसिंग रूममधून मालकाकडे कोण गेलं? तिथे कॅमेरा नव्हता, पिवळा बनियन नव्हता, कथानक नव्हतं. टेपवर बोलला तोही बोलियाच. माणूस आणि पात्र वेगळे काढले की पात्राला मिळालेल्या टाळ्या माणसाच्या खात्यात जमा करता येत नाहीत.

दुसरा बचाव, की त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. शिखरावर असलेल्या माणसाला युनियन कशाला हवी? पण शिखरावरच्याला लागत नाही म्हणूनच त्याच्या 'हो'ला किंमत असते. आणि शरीराचं म्हणाल तर ते त्याचंही सुटलं नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री बुडावर आपटत लेग ड्रॉप टाकल्याने पाठीवर ऑपरेशनमागून ऑपरेशन, खुबे आणि गुडघे बदललेले. मुलांना व्यायाम करा, प्रार्थना करा, व्हिटॅमिन खा सांगणाऱ्या या माणसाने १९९४ मध्ये कोर्टात कबूल केलं की तो कित्येक वर्षं स्टिरॉइड घेत होता.

नव्या प्रेक्षकांशी माझं भांडण एवढंच आहे. त्यांनी होगनला एका टेपवर निकालात काढलं, कारण टेप ऐकता येते. चुगलीची टेप नाही. वर्णद्वेषाबद्दल कंपनीला त्याला काढता आलं, परत घेता आलं, पुन्हा नेटफ्लिक्सवर उभं करता आलं. त्यात कंपनीचा कारभार कुठे बदलला नाही. युनियनचा विषय काढला तर मात्र आज आवडणाऱ्या प्रत्येक स्टारच्या करारावर बोट ठेवावं लागतं. मुलगा रेसलिंग बघायला जे महिन्याचे पैसे मला भरायला लावतो त्यावरही. म्हणून तो विषय कुणाला नको असतो, कंपनीला तर नकोच. मला स्वतःलाही तो बरीच वर्षं माहीत असून नको होता. डब्यातलं पान जपून ठेवायचं होतं ना.

गठ्ठा पुन्हा डब्यात गेला, होगनही. त्याला फाडून टाकणं हा मला पोरकटपणा वाटतो, आणि आंद्रेला उचललेला तो क्षण खोटा होता असं मी म्हणणार नाही. फक्त मुलाला मी सांगितलं, त्याचं पान सगळ्यात वर ठेवू नको.

आबा तेवढ्यात चहा घेऊन बसले होते. त्यांना होगनमध्ये काही रस नव्हता.

"त्यो मुद्गलवाला रं, इराणी. त्याचं फुडं काय झालं?"

मी सांगितलं. २०२३ मध्ये गेला. म्हातारपणी गुडघे पार गेले होते, मध्ये नशेत बुडाला होता, काठी घेऊन चालायचा, लोकांबरोबर फोटो काढून पैसे मिळवायचा.

आबांनी बशी खाली ठेवली. "आन् फंड-बिंड?"

"नाही, आबा."